डोळ्यांनी ऐकायचं इंजिन

आफ्रीन राजुऱ्याहून भामरागडला निघाली तेव्हा अयूब मिस्त्रींनी, म्हणजे तिच्या वडिलांनी, एकच शंका काढली.

"ट्रक झाले, ट्रॅक्टर झाले, खदानीतले डंपर झाले. पर बोटीले अर्थिंग कुठी देशील बेटा? खाली तर पानीच पानी."

"इंजिनच्या बॉडीवरूनच घ्यायची, अब्बा. गाडीसारखीच."

"गाडी बंद पडली तर उतरून ढकलता येते," मिस्त्री म्हणाले, आणि आपल्या पेटीतलं चांगलं मीटर काढून त्यांनी तिच्या पिशवीत ठेवलं.

साल २००८. राजुऱ्याच्या बसस्टँडमागे मिस्त्रींचं ऑटो इलेक्ट्रिकचं दुकान होतं. आफ्रीन चंद्रपूरच्या पॉलिटेक्निकमधून इलेक्ट्रॉनिक्सचा डिप्लोमा घेऊन आली आणि नोकरीच्या मागे न लागता त्याच दुकानात बसली. सुरुवातीला ड्रायव्हर लोक तिला पाहून "मिस्त्री कुठी गेले?" म्हणत. पुढे पुढे मिस्त्री समोर असले तरी ते तिलाच शोधू लागले. मिस्त्रींना त्याचं वाईट वाटलं नाही. उलट ते चहा मागवायचे आणि गिऱ्हाइकासोबत बसून तिचं काम बघायचे.

भामरागडचं काम तिच्या वर्गातल्या प्रफुलमुळे आलं. तो मुंबईत बोटींना उपकरणं बसवणाऱ्या एका वर्कशॉपमध्ये होता. भामरागडला एक सेवाभावी संस्था दवाखाना चालवत असे आणि पावसाळ्यासाठी त्यांनी एक मोटारबोट ठेवली होती. पर्लकोटा नदी फुगली की पूल पाण्याखाली जायचा, रस्ते तुटायचे आणि गावंच्या गावं पलीकडे अडकायची. तेव्हा औषधं, सलाइन, सिस्टर, पेशंट, सगळं त्या बोटीतून जायचं-यायचं. दवाखान्याच्या दामिनी सिस्टरनी कुठून कुठून चौकशी करत प्रफुलला गाठलं आणि बोटीवर इंजिनाचे आकडे दाखवणारी एक नवी स्क्रीन मागितली. एका देणगीदाराने ती दिली. प्रफुलला तिकडे यायला सुट्टी मिळेना, तेव्हा त्याने सिस्टरना सांगितलं, "राजुऱ्यात आमची आफ्रीन आहे. ती करेल. अडलं तर मी फोनवर आहेच."

काम ऐकायला सोपं होतं. स्क्रीन नवी होती, इंजिन जुनं. जुन्या इंजिनाला आपलं तापमान, तेलाचा दाब, फेऱ्यांचा वेग एवढंच सांगता यायचं आणि तेही तारेतून जाणारी वीज कमी-जास्त करून. स्क्रीनला मात्र आकड्यांची भाषा लागायची. दोघांच्या मध्ये एक काळी डबी बसवायची होती. ती इंजिनाच्या तारा घेऊन त्यांचे आकडे करणार आणि एका केबलवरून स्क्रीनला पाठवणार. डबी म्हणजे दुभाष्या. पण दुभाष्याला दोन्हीकडचं नीट समजलं पाहिजे, आणि आफ्रीनची खरी परीक्षा तिथेच होती.

बोट घाटाला बांधलेली होती. फायबरची, कोकणातून जुनी घेतलेली, ठिकठिकाणी ठिगळं मारलेली. तिच्यात एक माणूस अनवाणी बसून डिझेलची नळी पुसत होता. पांढरे केस, काटक शरीर, नदीकडे बघून बघून बारीक झालेले डोळे. हे देवानंदभाऊ. जातीने ढिवर, म्हणजे मासेमारी करणारे, मूळचे वैनगंगेकाठचे. भामरागडला जावई म्हणून आले आणि इथल्याच पाण्याचे झाले. संस्थेची बोट आली तेव्हापासून ती त्यांच्याच हातात होती. तीन नद्या जिथे मिळतात तिथल्या भोवऱ्यांतून त्यांच्याशिवाय कोणी बोट काढू शकत नाही, असं बसमध्येच एका माणसाने आफ्रीनला सांगितलं होतं.

"नमस्कार देवानंदभाऊ. मी आफ्रीन. स्क्रीन बसवायले आली."

त्यांनी मान वर केली नाही. ती पुढे होऊन समोर उभी राहिली तेव्हा दचकले.

"हां, हां. या बाई. पाय जपून टाका, घसरते."

आफ्रीन मनात म्हणाली, माणूस जरा तुसडा दिसतो.

पण कामाला लागल्यावर तिचं मत बदललं. जुन्या पॅनेलवरच्या सगळ्या घड्याळांचे काटे मेलेले होते. मागच्या तारांना तेल, चिखल आणि उंदरांचे दात लागलेले. कुठली तार कुठून येते हे कुठल्याही कागदावर नव्हतं. देवानंदभाऊ इंजिनावर वाकून एकेक तार बोटाने चाचपत जायचे आणि सांगायचे, "हे तेलाची. हे डायनॅमोची. हे कोणाचीच नाई, मागच्या मिस्त्रीनं उगीच सोडली." आफ्रीन मीटर लावून तपासायची. जवळजवळ प्रत्येक वेळी ते बरोबर निघत. एकदा चुकले तेव्हा स्वतःच हसले.

वेगाचा आकडा डायनॅमोवरून घ्यायचा होता. डायनॅमो इंजिनापेक्षा किती पटीने जास्त फिरतो ते डबीला सांगावं लागतं. तिने दोन्ही पुल्यांभोवती, म्हणजे पट्ट्याच्या चाकांभोवती, सुतळी गुंडाळून मोजमाप काढलं, आणि देवानंदभाऊंनी सुतळीचं टोक इतकं घट्ट धरलं की त्यांची नखं पांढरी झाली.

डबी बसली, केबल ओढून झाली, स्क्रीन चालकाच्या समोर स्क्रूने पक्की झाली. आफ्रीनने बटण दाबलं. स्क्रीन निळी उजळली. तापमानाच्या जागी आडव्या रेघा. दाबाच्या जागी रेघा. वेगाच्या जागीही रेघाच.

दामिनी सिस्टर ओपीडी संपवून खास बघायला आल्या होत्या. चिमूरच्या बाई, भामरागडला आल्या तेव्हा केस काळे होते, आता कानशिलांवर पांढरे झाले होते. माडिया इतकी छान बोलायच्या की म्हाताऱ्या बाया त्यांना माहेरची समजायच्या. त्यांनी स्क्रीनकडे बघितलं, आफ्रीनकडे बघितलं, आणि काही न विचारता चहा पाठवून दिला.

आफ्रीनने सगळे जोड पुन्हा तपासले. इंजिनाकडून वीज डबीत नीट येत होती. डबी चालू होती. तरी स्क्रीनला काही पोचत नव्हतं. शेवटी ती बाजारातल्या एसटीडी बूथवर गेली आणि लाइन लागेपर्यंत बाकावर बसून राहिली. प्रफुलने सगळं शांतपणे ऐकून घेतलं.

"केबलच्या दोन्ही टोकांना टोप्या लावल्यास?"

"एकाच टोकाले आहे. पार्सलमध्ये एकच होती."

"मग माझीच चूक. दुसरी टाकायची राहिली. त्या टोपीत नुसता एक रेझिस्टन्स असतो गं. ती नसली की सिग्नल टोकाला जाऊन परत फिरतो. रिकाम्या विहिरीत ओरडल्यासारखं होतं, आपलाच आवाज आपल्यावर येतो."

"किती ओहमचा?"

त्याने सांगितला. आफ्रीनच्या पेटीत नेमका तेवढा नव्हता, पण दोन निराळे होते आणि ते एकापुढे एक जोडले की बेरीज जमत होती. दवाखान्याच्या औषधांच्या खोलीत बसून तिने ते डाग दिले, वर रबरी नळी चढवली आणि केबलच्या उघड्या टोकाला लावले. बोटीत येऊन बटण दाबलं. रेघा गेल्या आणि आकडे आले. देवानंदभाऊंनी इंजिन चालू केलं तसा वेगाचा आकडा हलला, आणि लिव्हर पुढे सरकवली तसा चढत गेला. ते लिव्हर मागे-पुढे करत बसले. चेहऱ्यावर काही नव्हतं, पण हात थांबत नव्हता.

मग त्यांची नजर तापमानावर गेली. ते पुढे झुकले.

"हे खोटं आहे."

"काऊन?"

"इंजिन आत्ता चालू झालं. हे तर उकळून राह्यलं म्हणते." त्यांनी इंजिनाच्या अंगावर तळहात ठेवला आणि तसाच ठेवून दिला. "पाहा. हात टिकून राह्यला ना."

आफ्रीनने हात ठेवला. कोमट होतं. स्क्रीन मात्र शंभराच्या वरचा आकडा दाखवत होती.

तिला राग आला नाही, उलट बरंच वाटलं. स्क्रीन रेघा दाखवते तेव्हा निदान कळतं की काहीतरी चुकलंय. खोटा आकडा जास्त वाईट, कारण तो खऱ्यासारखाच दिसतो. भाऊंनी हात ठेवला नसता तर ती त्या दिवशी काम झालं म्हणून मोकळी झाली असती.

"भाऊ, हे तपासून घेऊ. तुमच्यासमोर."

तिने इंजिनातला तापमानाचा सेन्सर काढला. अंगठ्याएवढा पितळी तुकडा. दवाखान्याच्या मागे गुणाबाईंचा स्वयंपाक चालायचा. त्यांच्याकडून एक पातेलं आणि चुलीवरची जागा मागून घेतली. बोटीपासून चुलीपर्यंत लांब वायर ओढायची म्हटली तर ती पुरेना, म्हणून डबी, बॅटरी आणि स्क्रीन असं सगळंच चुलीजवळ आणलं. गुणाबाईंनी भात उतरवला आणि पाणी ठेवलं. पाणी उकळायला लागलं तशी आफ्रीनने तारेने बांधलेला सेन्सर पाण्यात सोडला.

"पाणी उकळलं म्हणजे शंभर. हे कोणी बदलवू शकत नाई," ती म्हणाली. "स्क्रीन काय म्हणते पाहा."

स्क्रीन शंभराच्या खूप वर गेली होती.

"म्हणजे सेन्सर खराब?" दामिनी सिस्टरनी विचारलं.

"सेन्सर दोन जातीचे येतात, सिस्टर. दोघांचं बोलणं निराळं. डबीले वाटून राह्यलं की हा दुसऱ्या जातीचा आहे."

तिने डबीची सेटिंग बदलली. आकडा धपकन खाली आला आणि शंभराच्या आसपास स्थिर झाला. देवानंदभाऊ उकिडवे बसून बघत होते.

"अन थंडा असला तेव्हा?"

प्रश्न बिनतोड होता. एका जागी बरोबर आलं म्हणजे सगळीकडे बरोबर येईलच असं नाही. आफ्रीनने सिस्टरकडे बघितलं, सिस्टरनी तिच्याकडे, आणि दोघींना एकदमच सुचलं. सिस्टरनी खिशातून तापाचा थर्मामीटर काढला. पातेल्यात थंड पाणी ओतत ओतत ते अंगाच्या तापाइतकं कोमट केलं. मग सेन्सर आणि थर्मामीटर जोडीने पाण्यात धरले. पाऱ्याचा सेल्सिअसमधला आकडा आणि स्क्रीनचा आकडा जवळपास एकच आला.

"मले दाखवा," देवानंदभाऊ म्हणाले. त्यांनी थर्मामीटर उन्हाकडे धरून पारा स्वतः वाचला, मग स्क्रीन वाचली, मग पुन्हा थर्मामीटर. "हां," एवढंच म्हणाले. गुणाबाईंनी पातेलं परत घेतलं आणि ते पाणी चुलीमागच्या वांग्यांना घातलं.

सगळं पुन्हा बोटीत बसवल्यावर शेवटचं काम उरलं होतं ते इशाऱ्याचं. तापमान ठरावीक आकड्याच्या वर गेलं की स्क्रीनमधून कर्कश पीप-पीप वाजायची सोय होती. आफ्रीनने परीक्षेसाठी मर्यादा मुद्दाम खाली आणली. पीप-पीप सुरू झालं. घाटावर कपडे धुणाऱ्या दोन बाया वळून बघू लागल्या. देवानंदभाऊ बोटीच्या पुढच्या टोकाला पाठमोरे बसून दोराला गाठ मारत होते. त्यांनी गाठ मारली, ओढून बघितली, आणि दुसरी मारायला घेतली.

आफ्रीनने आवाज बंद केला. पुन्हा चालू केला. त्यांची पाठ हलली नाही.

तिला मागच्या काही दिवसांतलं सगळं एकदम आठवलं. ते बोलणाऱ्याच्या तोंडाकडे बघतात. मागून हाक मारली तर उत्तर देत नाहीत. इंजिन चालू असताना अनवाणी पाय फळीवर घट्ट रोवून बसतात, कारण त्यांना इंजिन तिथून कळतं.

ती पुढे जाऊन त्यांच्यासमोर बसली. मग स्पष्ट, हळू म्हणाली, "भाऊ, तो भोंगा वाजून राह्यला होता."

त्यांच्या हातातला दोर थांबला.

"डावीकडून थोडं येते," ते म्हणाले. "उजवा गेला. किती वर्सं झाली. डिझेलचा आवाज कानाशी घेऊन बसलो ना मी." मग म्हणाले, "मागच्या साली इंजिन बसलं होतं नदीच्या मधात. पट्टा जळून राह्यला होता, बोटीतल्या पोरायले आवाज आला, मले नाई आला. बोट वाहत गेली. झाडात अडकली म्हून वाचलो. मी सांगतलं, इंजिन जुनं झालं."

"सिस्टरले माहीत आहे?"

त्यांनी मान हलवली. नाही.

"तुमी सांगाल काय?" आफ्रीनने विचारलं.

"सांगतलं तर बोट दुसऱ्याले देतील. अन दुसऱ्याले हे नदी माहीत नाई, बाई. पाण्याखाली कुठी गोटा आहे, ते कोणाले माहीत नाई. माणसं मरतील." हे बोलताना त्यांचा आवाज वाढला नाही. "म्हून सांगतलं नाई. अन सांगतलं नाई म्हून मरता मरता वाचली. मले दोन्ही समजते."

आफ्रीन उठून आपल्या पेटीपाशी गेली. ट्रकच्या मागच्या दिव्याचा एक लाल होल्डर तिच्याकडे होता. स्क्रीनच्या इशाऱ्याच्या तारेवर एक रिले, म्हणजे विजेवर चालणारा स्विच, लावून तिने तो दिवा चालकाच्या अगदी समोर बसवला. आवाज झाला की दिवाही लागणार. तिने पुन्हा परीक्षा घेतली. दिवा लखलखला तसे देवानंदभाऊ लगेच वळले.

"आता मी सांगतो बाईले," ते म्हणाले.

ते गेले तसे चिखलाच्या पायांनीच, दवाखान्याच्या व्हरांड्यात. आफ्रीन मुद्दाम लांब थांबली, पण त्यांना कमी ऐकू येत असल्यामुळे दोघांचंही बोलणं मोठ्याने झालं आणि तिच्यापर्यंत आलं.

"बाई, मले ऐकू येत नाई. मागच्या सालचं ते इंजिन खराब नोतं. मी खराब होतो."

दामिनी सिस्टर गोळ्यांची पाकिटं मोजत होत्या. त्यांनी ती बाजूला ठेवली.

"मले मागच्याच साली कळलं, देवानंदभाऊ. म्हून तर स्क्रीन मागवली. नाई तर इंजिनाचे आकडे मले काय करायचे आहेत?"

"मंग बोलल्या काऊन नाई?"

"तुमी सांगाल म्हून वाट पाहून राह्यली होती. नाई सांगतलं असतं तर या पावसात तुमाले बोटीवर पाठवलं नसतं. ते ठरवलं होतं मी." "आता ऐका. स्क्रीन पाहायची. दिवा लागला की थांबायचं. अन ज्याचे कान चांगले आहेत असा एक माणूस बोटीत नेहमी राहील. हे मान्य असेल तर बोट तुमचीच."

"मान्य आहे," देवानंदभाऊ म्हणाले. बाहेर येऊन ते पायरीवर बसले आणि बराच वेळ तळपायाचा चिखल काढत राहिले.

आफ्रीनला दुसऱ्या दिवशी निघायचं होतं. पण वरच्या डोंगरांत जोराचा पाऊस झाला आणि सकाळी पर्लकोटेचा पूल दिसेनासा झाला होता. पुलाच्या जागी तांबडं पाणी सरळ वाहत होतं. एसटी येणं बंद झालं. आफ्रीनने अब्बांना बूथवरून कळवलं, "अडकली मी. खुशाल आहे," आणि मग लाइनही गेली.

त्याच दुपारी इंद्रावतीच्या खालच्या अंगाकडून एक तरुण डोंगा वल्हवत, काठाकाठाने, दमून आला. लालसू त्याचं नाव. त्याची बायको सोमारी तापाने फणफणली होती आणि आता शुद्धीवर नव्हती. सिस्टरनी त्याच्याशी माडियात चार वाक्यं बोलून घेतली आणि लगेच सलाइनचा डबा उचलला. "डोक्यात गेलेला मलेरिया वाटते. इथी आणायले पाहिजे."

कान चांगले असलेला माणूस म्हणून आफ्रीनच बोटीत बसली. सिस्टर आणि लालसूला पेशंटकडे बघायचं होतं आणि दुसरं कोणी हाताशी नव्हतंच.

जाताना काही त्रास झाला नाही. प्रवाह पाठीशी होता. देवानंदभाऊ तीन पाण्यांच्या मिळणीतून अशी वाट काढत होते की आफ्रीनला ती वाट दिसतच नव्हती. सगळीकडे तेच तांबडं पाणी, तेच फेसाचे पुंजके. ते मात्र एका फेसाच्या डावीकडून जात, दुसऱ्याच्या उजवीकडून. एकदा एक अख्खं झाड वाहत आलं. त्यांनी बोट नुसती किंचित वळवली आणि ते झाड एखादा ओळखीचा माणूस बाजूने जावा तसं निघून गेलं. मध्येमध्ये त्यांची नजर स्क्रीनवर यायची. आकडे जागच्या जागी होते.

लालसूच्या गावी सोमारीला चटईवर घालून बोटीत आणलं. तिचे हात थंड आणि कपाळ जळत होतं. लालसू सलाइनची बाटली उंच धरून बसला. बोट परत फिरली, आणि आता प्रवाह समोरून येत होता.

इंजिनावर ताण आला. देवानंदभाऊंनी लिव्हर जवळजवळ पूर्ण पुढे सारली होती. आफ्रीन त्यांच्या मागे बसून स्क्रीन बघत होती. तापमानाचा आकडा ऐंशीच्या पुढे गेला. थोड्या वेळाने नव्वदकडे सरकला. तिने इंजिनाचा आवाज ऐकला. आवाजात काही फरक नव्हता. एकसारखा, दणदणीत. सेन्सर पुन्हा चुकीचं बोलतोय का? जोड ओला झाला का? तिने स्वतः बसवलेलं होतं, पण चूक तिचीही असू शकत होती. आणि समोर ते मिळणीचं पाणी होतं. तिथे इंजिन थांबलं तर मागच्या वर्षीसारखं झाडात अडकायची खात्री कोण देणार?

लाल दिवा लागला.

पीप-पीप तिने ऐकलं, दिवा देवानंदभाऊंनी बघितला. त्यांनी पायाखालची फळी पायाने चाचपली. फळी नेहमीसारखीच थरथरत होती. सगळ्या आयुष्याचा अनुभव त्यांना सांगत असणार की इंजिन ठीक आहे, पुढे काढ, बाई बेशुद्ध आहे. ते एकदा स्क्रीनकडे बघून राहिले. मग त्यांनी लिव्हर मागे घेतली आणि बोटीचं तोंड काठाकडे वळवलं.

"काय झालं?" सिस्टरनी विचारलं.

"गरम झालं," ते म्हणाले. "हे खरं सांगून राह्यलं. मी पाण्यात उकळताना पाह्यलं हेले."

एका मोठ्या खडकामागे पाणी संथ फिरत होतं. प्रवाहात असतानाही ती जागा त्यांना नेमकी ठाऊक होती. बोट तिथे टेकली, लालसूने एका हाताने बाटली धरून दुसऱ्याने वेल पकडला. आफ्रीनने इंजिन थंड ठेवणारं पाणी जिथून आत येतं त्या गाळणीचं झाकण उघडलं. आत गाळ, सागाच्या पानांचे तुकडे आणि गवत गच्च भरलं होतं. नदीचं पाणी इंजिनापर्यंत पोचतच नव्हतं. अजून थोडं पुढे गेले असते तर मिळणीच्या मधोमध इंजिन जाम झालं असतं.

दोघांनी मिळून हाताने गाळ उपसला. देवानंदभाऊंनी गाळणी पाण्यात खळखळून धुतली आणि उजेडाकडे धरून बघितली, जशी त्यांनी थर्मामीटरची काच धरली होती. इंजिन चालू केलं. आकडा उतरायला लागला. नव्वदच्या खाली येईपर्यंत ते थांबले. सिस्टर सोमारीच्या नाडीवर बोट ठेवून बसल्या होत्या, पण "चला" असं एकदाही म्हणाल्या नाहीत. मग देवानंदभाऊ स्वतःच म्हणाले, "आता जाते," आणि बोट खडकाआडून निघाली.

सोमारीने दोन दिवसांनी डोळे उघडले आणि पहिल्यांदा पाणी मागितलं, माडियात. लालसू व्हरांड्यातच झोपत होता. सिस्टरनी त्याला हे सांगितलं तेव्हा तो आत न जाता आधी घाटावर गेला आणि देवानंदभाऊंच्या शेजारी बसला. दोघांची भाषा अर्धीच एकमेकांना कळत होती. भाऊंना तेवढंही ऐकू येत नव्हतं. तरी ते बराच वेळ बसले.

पूल उघडा पडायला आठवडा लागला. तेवढ्यात आफ्रीनने स्क्रीनची सगळी सेटिंग देवानंदभाऊंना शिकवली, आणि गाळणी रोज उघडून बघायची हे त्यांनी स्वतःच ठरवून घेतलं. बोटीवरचा दुसरा माणूस म्हणून लालसू राहिला. त्याचे कान चांगले होते आणि डोंगा तो लहानपणापासून चालवत होता.

हिवाळ्यात डबीची तपासणी करायला आफ्रीन पुन्हा भामरागडला आली. बोट काठावर ओढून ताडपत्रीने झाकून ठेवलेली होती. घाटावर कोणी नव्हतं. गुणाबाईंनी हाताने नदीकडे दाखवलं.

इंद्रावतीचं पाणी आता घोट्यापर्यंतच होतं. जिथे पावसाळ्यात बोट जायची तिथे वाळू आणि काळे, गुळगुळीत खडक पसरलेले होते. देवानंदभाऊ धोतर खोचून त्या पात्रातून चालत होते आणि लालसू त्यांच्या मागे. प्रत्येक खडकापाशी ते थांबायचे, तळहाताने खडकाच्या उंचीपर्यंत खूण करायचे, मग काठावरच्या एखाद्या झाडाकडे बोट दाखवायचे. या झाडाच्या बुंध्याला पाणी लागलं की हा गोटा झाकला जातो. मग याच्या डावीकडून. लालसू खडकाला हात लावून बघायचा, झाडाकडे बघायचा, आणि मान हलवायचा.

आफ्रीनने चपला काढून हातात घेतल्या आणि पाण्यात उतरली. देवानंदभाऊंना तिची चाहूल लागली नव्हती, पण लालसूने त्यांच्या खांद्याला हात लावला. त्यांनी वळून बघितलं.

"या बाई," ते म्हणाले. "तुमी पण पाहून घ्या. पुढचा गोटा लई बेइमान आहे."